आधी जेवण की आधी जखम?

1985 च्या आसपासची गोष्ट. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेचं वजन कमी करण्याचं एक केंद्र होतं आणि डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी ते चालवत होते. तिथे येणाऱ्यांचं वजन खरोखर उतरत होतं. तरीही जवळपास निम्मे लोक मध्येच येणं सोडत. सोडून जाणाऱ्यांची यादी पाहून फेलिट्टी चक्रावले, कारण त्यांतल्या अनेकांचं वजन उत्तम गतीने कमी होत होतं.

अशा लोकांना त्यांनी परत बोलावलं आणि मुलाखती घ्यायला सुरुवात केली. प्रश्न ठरलेले असत: जन्मलात तेव्हा वजन किती होतं, शाळेत जायला लागलात तेव्हा किती, पहिला शरीरसंबंध आला तेव्हा वय किती. एका बाईंना शेवटचा प्रश्न विचारताना त्यांची जीभ घसरली आणि वयाऐवजी वजन विचारलं गेलं. बाई म्हणाल्या, 40 पौंड. म्हणजे 18 किलो. लहान मुलीचं वजन.

पुढे 286 जणांशी बोलणं झालं. निम्म्याहून अधिकांनी लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. वजन वाढल्यापासून पुरुषांच्या नजरा थांबल्या, असं काही जणी म्हणाल्या. वजन उतरू लागलं, कोणी सलगीने दोन शब्द बोललं, की घाबरून पुन्हा खाणं सुरू होई. डॉक्टरांना जो आजार वाटत होता, तो त्या माणसांच्या लेखी इलाज होता. तुटलेल्या कडीच्या दाराला आतून कपाट लावून ठेवावं, तसं ते वजन. बाहेरचा म्हणतो, कपाट वाटेत आहे, हलवा. पण कडी अजून दुरुस्त झालेली नसते.

यातूनच पुढे फेलिट्टी आणि रॉबर्ट आंडा यांचा बालपणीच्या आघातांवरचा मोठा अभ्यास उभा राहिला. 17,000 हून अधिक प्रौढांची माहिती त्यात गोळा झाली आणि पहिला निबंध 1998 मध्ये आला. मारहाण, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, घरातलं व्यसन, आईला होणारी मारहाण असे अनुभव जितके जास्त, तितका मोठेपणी अनेक आजारांचा धोका जास्त, हा त्याचा गाभा. यातले बहुतेक लोक मध्यमवर्गीय होते, आरोग्यविमा असलेले. म्हणजे हे सगळं 'तसल्या' घरांत घडतं, हा समजही तिथे मोडला.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. लठ्ठपणा आणि ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याचा आजार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाड माणसाला खाण्याचा आजार असतोच असं नाही आणि खाण्याचा आजार असलेला माणूस हडकुळाच दिसेल असंही नाही. फेलिट्टींचे रुग्ण वजनासाठी आले होते. पण त्यांच्यामुळे जो प्रश्न उभा राहिला तो ईटिंग डिसऑर्डरच्या उपचारांना तंतोतंत लागू पडतो. खाण्याच्या ज्या सवयीमुळे माणूस आजारी पडतोय, ती सवय त्याला कशापासून तरी वाचवत असेल तर? आणि तसं असेल तर उपचार कुठून सुरू करायचे, ताटापासून की जुन्या जखमेपासून?

आजार कोणते

ॲनोरेक्सियात माणूस खाणं इतकं तोडतो की शरीराला जगण्यापुरतंही मिळत नाही. बुलिमियात थोड्या वेळात, स्वतःवरचा ताबा सुटल्यासारखं खूप खाल्लं जातं आणि मग उलटी, जुलाबाची औषधं, उपास किंवा अति व्यायाम करून ते 'भरून काढलं' जातं. बिंज ईटिंगमध्ये तसंच खाणं असतं, पण नंतरची भरपाई नसते. शरम मात्र तेवढीच असते. आर्फिड नावाच्या आणखी एका प्रकारात वजनाची भीती नसतेच. घास अडकेल, उलटी होईल अशी भीती किंवा चव, वास, स्पर्शाची तीव्र नावड यामुळे खाणं आक्रसत जातं. हा प्रकार आणि बिंज ईटिंग, दोन्हींना अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणात स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती थेट 2013 मध्ये.

हे 'श्रीमंत मुलींचे नखरे' नाहीत. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक मृत्यू ओढवणाऱ्या आजारांत ॲनोरेक्सिया मोडतो. 2011 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा त्याच वयाच्या इतरांपेक्षा ॲनोरेक्सियाच्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण पाच पटींहून अधिक आढळलं आणि त्या मृत्यूंपैकी पाचातला एक आत्महत्येचा होता. हे आजार मुलग्यांना होतात, पन्नाशीच्या बायकांना होतात, गरिबांनाही होतात.

आता ट्रॉमाविषयी, म्हणजे मनावरच्या आघाताविषयी. खाण्याच्या आजारामागे आघात असतोच, असं म्हणणं चूक आहे. समाजमाध्यमांवर हे वाक्य फार सैलपणे फिरतं, म्हणून ठासून लिहितो. जुळ्यांच्या अभ्यासांतून या आजारांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं दिसतं. 2019 मध्ये सुमारे 17,000 ॲनोरेक्सिया रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या आणि काही धागे थेट चयापचयाकडे गेले. पुष्कळ रुग्णांच्या आयुष्यात कुठलाही मोठा आघात नसतो. त्यांच्या आईवडिलांकडे 'तुम्ही नक्की काय केलंत?' अशा नजरेनं पाहणं हा उलट एक नवा आघात.

पण आघात असतो तेव्हा तो दुर्लक्षून चालत नाही. 1997 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे तीन हजार स्त्रियांच्या एका पाहणीत बुलिमिया असलेल्यांमध्ये पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, इतर स्त्रियांच्या जवळजवळ तिप्पट आढळला. आघात म्हणजे फक्त लैंगिक अत्याचार नव्हे. वर्षानुवर्षं शरीरावरून झालेली चेष्टा, शाळेतली दादागिरी, घरातली मारहाण, अपघात, दवाखान्यातले भीतीदायक अनुभव, लहानपणी काढलेली उपाशी रात्र हे सगळं त्यात येतं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत मोफत धान्य घ्यायला येणाऱ्या लोकांचा अभ्यास झाला आहे. घरात अन्नाची टंचाई जितकी तीव्र, तितकं बिंज ईटिंगचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. उद्या मिळेल की नाही हे माहीत नसलेलं शरीर आज मिळालेलं साठवतं. यात चारित्र्याचा काय दोष?

शरीर नेमकं काय करत असतं

धोका जाणवला की शरीर लढायला, पळायला किंवा थिजून जायला तयार होतं. हृदय धडधडतं, रक्त स्नायूंकडे जातं, पचन मागे पडतं. वाघ समोर असताना भूक लागत नाही, ते बरंच आहे. पण लहान वयात वारंवार धोका अनुभवलेल्या माणसाचं शरीर धोका टळल्यावरही त्याच तयारीत राहतं. अशा माणसाला पोटातून येणारे निरोप नीट ऐकू येत नाहीत. भूक कोणती, भीती कोणती, पोट भरलंय की पोटात गोळा आलाय, यातला फरकच हरवतो. काहींना शरीर ही राहायची जागाच वाटत नाही. जे काही वाईट झालं ते इथेच तर झालं.

अशा वेळी खाणं, न खाणं आणि उलटी करणं ही साधनं बनतात. बराच काळ उपाशी राहिलं की भावना बोथट होतात. भडाभडा खाताना डोकं बधिर होतं, दहा-पंधरा मिनिटं कुठलीच आठवण आत शिरू शकत नाही. उलटीनंतर एक विचित्र शांतता येते. आणि सगळं हाताबाहेर गेलेल्या आयुष्यात ताटात काय पडेल एवढं तरी आपण ठरवतो, हा आधार असतोच. ही साधनं महाग आहेत. ती दात झिजवतात, हाडं पोकळ करतात, रक्तातलं पोटॅशियम उतरवून हृदय बंद पाडू शकतात. पण ती काम करतात म्हणूनच सुटत नाहीत. 'इच्छाशक्ती कमी पडते' असं म्हणणाऱ्याला हा हिशेब कळलेला नसतो.

मग आधी जखमच का भरू नये?

कारण उपाशी मेंदूशी बोलता येत नाही. याचा सर्वांत ठोस पुरावा मानसोपचारातून आलेला नाही, तो युद्धकाळातल्या एका प्रयोगातून आला आहे. नोव्हेंबर 1944 ते डिसेंबर 1945 या काळात मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने 36 तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. हे सगळे युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले, स्वखुशीने पुढे आलेले आणि तपासून निवडलेले, शरीरा-मनाने धडधाकट पुरुष. 24 आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण पाव हिश्श्याने उतरलं. रोज किती उष्मांक दिले तो आकडा सहज मिळतो, पण मी मुद्दाम लिहीत नाही. हा लेख वाचणाऱ्यांत कोणीतरी त्या आकड्याशी स्वतःची तुलना करील.

त्या तरुणांचं काय झालं? ते दिवसभर जेवणाचाच विचार करू लागले. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. एकेक घास तास तास चघळत बसायचं, अन्नात पाणी घालून ते वाढवायचं, ताट चाटायचं. चिडचिड, उदासी, सतत थंडी, लोकांत मिसळण्याचा कंटाळा. कोणी चोरून खाल्लं आणि मग अपराधीपणाने खचलं. प्रयोग संपून हवं तेवढं मिळू लागलं, तरी कितीतरी दिवस पोट भरल्यासारखं वाटेना. यांच्यापैकी कोणालाही ईटिंग डिसऑर्डर नव्हता. म्हणजे आपण ज्याला ॲनोरेक्सियाचा 'स्वभाव' म्हणतो, त्यातला बराचसा भाग निव्वळ उपासमारीचा परिणाम असतो.

अशा मेंदूला बालपणीची सर्वांत भयानक आठवण उकरायला सांगणं म्हणजे माणसाला तोडणं. म्हणून पहिलं काम साधं आणि कंटाळवाणं: नियमित खाणं. ऑक्सफर्डच्या ख्रिस्टोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या वर्तन-विचार उपचारपद्धतीतही सुरुवात इथूनच होते. दिवसाची तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, फार मोठा खंड पडू द्यायचा नाही. भूक लागली म्हणून खायचं नाही. वेळ झाली म्हणून खायचं, कारण भुकेच्या निरोपांवर अजून भरवसा ठेवता येत नाही. 'मनाला वाटेल ते, वाटेल तेव्हा खा' हा सल्ला पुढे कधीतरी उपयोगी पडतो. सुरुवातीला तो क्रूर आहे.

खूप काळ उपाशी राहिलेल्या माणसाला घरीच भरभरून खाऊ घालणं मात्र धोक्याचं असतं. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेले कैदी पोटभर जेवल्यावर दगावल्याच्या नोंदी आहेत. अन्न येताच शरीर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने वापरायला लागतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. त्यामुळे वजन फार उतरलेलं असेल, चक्कर येत असेल, नाडी मंद असेल, तर सुरुवात रक्ततपासण्यांच्या देखरेखीखालीच व्हायला हवी. आणि 'दोन घासांत पोट गच्च होतं' हे रुग्णाचं सांगणं सहसा खरं असतं. उपासमारीत जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो. ते बहाणे नाहीत. खाणं नियमित झालं की हळूहळू सुधारतं.

आणि फक्त जेवणच पाहिलं तर

हा दुसरा टोकाचा घोळ. रुग्णालयात वजन वाढवलं, घरी पाठवलं, तीन महिन्यांत रुग्ण परत. वजन वाढण्याबरोबर बधिरपणा उतरतो आणि दाबून ठेवलेलं सगळं वर येतं. दुःस्वप्नं, अंगावर काटा, दचकणं. नेमक्या याच वेळी आपल्याकडे सगळे म्हणत असतात, 'आता बरी दिसतेस हं.' बाहेरून बरी दिसण्याचा तो काळ आतून सर्वांत अवघड असू शकतो आणि तेव्हाच भेटी कमी केल्या जातात.

आघातावरच्या उपचारांचा क्रम जुडिथ हरमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1992 मध्ये तीन टप्प्यांत मांडला: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा जगात मिसळणं. ही मांडणी अजून पायाभूत मानली जाते. पण तिचा एक दुष्परिणाम झाला. 'आधी स्थिर होऊ दे, मग बघू' म्हणत जखमेचा विषय वर्षानुवर्षं पुढे ढकलला जाऊ लागला. खाण्याच्या आजारात तर स्थिर होण्याचा मुहूर्त काहींना लाभतच नाही, कारण जखमच स्थिर होऊ देत नाही.

म्हणून अलीकडे दोन्ही एकत्र करून पाहिलं जातंय. टोरांटोतल्या कॅथरिन ट्रॉटियर आणि सहकाऱ्यांनी सघन उपचार संपवून बाहेर पडलेल्या रुग्णांवर असा प्रयोग केला. खाण्यावरचा वर्तन-विचार उपचार आणि पीटीएसडीवरचा उपचार एकाच समुपदेशकाकडून, एकत्र गुंफून. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आघाताची लक्षणं एकत्रित उपचारांत जास्त कमी झाली आणि खाण्यातली सुधारणा टिकून राहिली. प्रयोग लहान होता, त्यावरून सगळ्या जगाला सांगत सुटू नये. तरी 'जखमेला हात लावला की खाणं बिघडतं' ही भीती सरसकट खरी नाही, एवढं त्यातून दिसतं.

माझ्या समजुतीनुसार शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर असं: ताटापासून सुरुवात, पण जखमेची जाणीव पहिल्या भेटीपासून. आणि इथे 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड', म्हणजे आघाताची जाण ठेवणारा, या बोलबाला झालेल्या शब्दाचा खरा अर्थ लागतो. आघाताच्या आठवणीवर थेट काम करणं वेगळं. त्यासाठी ईएमडीआरसारख्या (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणीवर काम करणाऱ्या) स्वतंत्र पद्धती आणि प्रशिक्षित माणसं लागतात. ट्रॉमा-इन्फॉर्म्ड असणं ही वागण्याची रीत आहे, आणि ती वजनकाट्याजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेपासून सुरू होते.

वजन घेण्याचंच उदाहरण घ्या. 'चप्पल काढा, चढा, बापरे, एवढंच?' हा आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग. आघाताची जाण असलेल्या ठिकाणी आधी सांगतात की वजन का घ्यायचंय, आकडा पाहायचाय की काट्याकडे पाठ करून उभं राहायचंय, कोणती परिचारिका सोबत हवी. वजन घेतलं जातंच. ते टाळणं ही दया नव्हे. पण कसं, यात रुग्णाचा शब्द असतो. तपासणीत हात लावण्याआधी विचारतात. दार उघडं ठेवायचं की बंद, हे विचारतात. नळीने अन्न द्यायची वेळ आलीच, तर काय, किती वेळ आणि का हे आधी सांगतात, कारण ज्याच्या शरीरावर कधीकाळी जबरदस्ती झालीय त्याच्यासाठी धरून-दाबून केलेला उपचार हीसुद्धा जबरदस्तीच असते. अमेरिकी सरकारच्या मानसिक आरोग्य विभागाने 2014 मध्ये या रीतीची तत्त्वं मांडली: सुरक्षितता, पारदर्शकता, समदुःखींचा आधार, सहभाग, निवडीचा हक्क आणि संस्कृती-लिंगभावाचं भान. कागदावर ती गुळगुळीत वाटतात. काट्यापाशी त्यांची परीक्षा होते.

आणखी एक: ट्रॉमा-इन्फॉर्म्ड ठिकाणी तुम्हाला आपबीती सांगावीच लागत नाही. 'तुमच्यासोबत लहानपणी काय झालं?' असं पहिल्याच भेटीत खोदून विचारणारा समुपदेशक कितीही प्रेमळ वाटला, तरी घाई करतोय. शिवाय भारतात एक कायदेशीर बाजू आहे. 18 वर्षांखालच्या मुलाने लैंगिक अत्याचार सांगितला, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार त्याची तक्रार नोंदवणं ऐकणाऱ्यावर बंधनकारक असतं. चांगला समुपदेशक हे मुलाला आधी सांगतो. बोलल्यानंतर पोलीस दारात आले आणि 'हे मला कोणी सांगितलंच नव्हतं' असं झालं, तर तो विश्वास परत येत नाही.

'इंटिग्रेटिव्ह' या छत्रीखाली काय काय

खऱ्या अर्थाने एकात्मिक उपचार म्हणजे फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि आहारतज्ज्ञ एकमेकांशी बोलत असणं. ऐकायला सोपं आहे, पण आपल्या शहरांतही दुर्मीळ. एक म्हणतो वजन वाढवा, दुसरा म्हणतो साखर बंद, तिसरा म्हणतो आधी मनातलं बोला. मधल्या मध्ये रुग्ण. औषधांची जागा मर्यादित आहे. बुलिमियात फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध उपयोगी ठरतं. वजन फार उतरलेल्या ॲनोरेक्सियात नैराश्यावरच्या गोळ्यांचा फारसा उपयोग दिसत नाही. ब्युप्रोपिऑन हे औषध बुलिमिया आणि ॲनोरेक्सियात फिट येण्याच्या धोक्यामुळे टाळतात, म्हणून उलट्यांची सवय डॉक्टरांपासून लपवू नये.

योगाचं काय? बोस्टनजवळच्या एका केंद्रात डेव्हिड इमर्सन यांनी आघातग्रस्तांसाठी योगाची वेगळी रीत घडवली. शिक्षक हात लावून आसन सुधारत नाही, हुकूम सोडत नाही. 'हवं असेल तर हात वर नेऊन पाहा, नको असेल तर राहू द्या' असं बोलतो. मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या 2014 मधल्या प्रयोगात जुनाट पीटीएसडी असलेल्या 64 स्त्रिया होत्या. दहा आठवड्यांनंतर योगाच्या गटातल्या निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रिया पीटीएसडीच्या निकषांत बसेनाशा झाल्या. तुलनेच्या गटात हे प्रमाण पाचातलं एक होतं. तो प्रयोग खाण्याच्या आजारावर नव्हता, पण शरीरात परतण्याची ही वाट इथेही उपयोगी पडू शकते, जोडउपचार म्हणून. आपल्या वर्गांत मात्र सहसा उलटं असतं. 'पोट आत, अजून आत!' असं ओरडणाऱ्या बाई आणि एकशे आठ सूर्यनमस्कारांचा संकल्प. ज्याला व्यायामाचंच व्यसन आहे त्याच्या हातात हे देऊ नये.

पंचकर्माबद्दल स्पष्टच लिहितो. वसंत ऋतू आला की महाराष्ट्रात वासंतिक वमनाच्या जाहिराती लागतात. उलटी करवून घेण्याची ही क्रिया ज्याला बुलिमिया आहे किंवा होऊन गेलाय त्याने करू नये. रक्तातले क्षार बिघडण्याचा धोका आहेच. त्याहून मोठा धोका असा की आजाराला शास्त्राचं प्रमाणपत्र मिळतं. विरेचनाचंही, म्हणजे जुलाब करवण्याचंही, तेच.

'व्हेगस नर्व्ह रीसेट करा', 'ट्रॉमा नितंबात साठतो' असल्या रील्स पाहिल्या असतील. व्हेगस ही मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणारी नस. या नसेचा भीती आणि सुरक्षिततेशी संबंध जोडणाऱ्या ज्या पॉलिव्हेगल सिद्धान्ताच्या आधाराने हे बोललं जातं, त्यातल्या शरीरशास्त्रीय दाव्यांवर तज्ज्ञांमध्ये जोरदार वाद आहेत. लांब श्वास सोडल्याने बरं वाटतं, ते जरूर करा. जेवणानंतरचा तासभर अवघड जात असेल, तर श्वास, गार पाणी तोंडावर मारणं, पायाखालची फरशी जाणवून घेणं, कोणाशी तरी पत्ते खेळत बसणं हे खरोखर कामाचं आहे. त्यासाठी हजारोंचा ऑनलाइन कोर्स लागत नाही.

आपल्या घरात

आपल्याकडे हा आजार नेहमी ओळखीच्या रूपात येत नाही. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी 1990 च्या दशकात दाखवलं की त्यांच्या ॲनोरेक्सियाच्या अनेक रुग्णांना जाड होण्याची भीती नव्हतीच. 'पोट फुगतं, जेवण जात नाही' हीच तक्रार. भारतातल्या डॉक्टरांनीही असे रुग्ण नोंदवले आहेत. त्यामुळे मुलगी आधी पोटाच्या डॉक्टरकडे जाते, एंडोस्कोपी होते, 'सगळं नॉर्मल' येतं आणि घरचे म्हणतात, नाटकं करते.

दुसरं रूप उपवासाचं. संकष्टी, एकादशी, मग सोमवार, मग गुरुवार, मग श्रावणच सगळा. घरात कौतुक होतं आणि आजाराला देवघरात जागा मिळते. श्रद्धा खरी की आडोसा हे कसं ओळखायचं? एक खूण अशी: उपवास सोडायची वेळ आली की चेहऱ्यावर आनंद येतो की धास्ती? दिवसातून दोनदाच जेवण्याच्या ज्या पद्धती गेल्या काही वर्षांत मराठी घरांत पसरल्या, त्याही अशा माणसासाठी नाहीत. लांब खंड आणि मग भडाभडा खाणं, हे चक्र त्याने मोठ्या मुश्किलीने मोडलेलं असतं.

आणि तोंडं. 'काय गं, अंगाने भरलीस!' हे आपल्याकडे लग्नकार्यातलं स्वागतवाक्य आहे. कांदेपोह्याच्या कार्यक्रमात मुलीच्या वजनाची चर्चा तिच्यासमोर होते. त्याच घरात 'अन्न टाकायचं नाही' म्हणून ताट पुसून घ्यायलाही लावतात. एकाच पोरीला एकाच दिवशी दोन्ही.

किशोरवयीन ॲनोरेक्सियात कुटुंबाला सोबत घेऊन केलेला उपचार सर्वाधिक परिणामकारक मानला जातो. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात त्याची सुरुवात झाली. आईवडिलांना दोष द्यायचा नाही. त्यांनी काही काळ मुलाच्या जेवणाची सूत्रं हातात घ्यायची, वजन सावरलं की ती हळूहळू परत द्यायची. मराठी घराला हे जमण्यासारखं आहे, जेवताना सोबत बसायला माणसं असतात. फक्त एक गोष्ट आधी तपासायची: त्या घरात, त्या जेवणाच्या टेबलावर, तिला दुखावणारा माणूस तर बसत नाही ना? तसं असेल तर 'सगळ्यांनी मिळून तिला भरवा' हा सल्ला तिला पुन्हा त्याच खोलीत कोंडतो. सोबत कोण बसेल, हे तिलाच, एकटीला गाठून विचारायचं. आजी म्हणाली तर आजी, शेजारची काकू म्हणाली तर काकू. जेवताना बोलायचं ते सिनेमाचं, क्रिकेटचं. घासांचा हिशेब नाही, 'बघ, सगळं संपवलंस!' अशी शाबासकीही नाही.

मदत शोधताना विचारायला संकोचू नका: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी आहे का, खाण्याच्या आजारांचे रुग्ण पाहिलेत का, फिजिशियनशी बोलणार का. कारण आपल्याकडे 'काउन्सेलर' अशी पाटी कोणीही लावू शकतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणं कंपन्यांवर बंधनकारक केलंय. दावा नाकारला तर हे कलम दाखवा. याच कायद्यातली दुसरी तरतूद फार कमी जणांना माहीत असते. प्रौढ व्यक्ती बऱ्या अवस्थेत असतानाच लिहून ठेवू शकते की पुढे आजार बळावला तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावं. ज्याच्या शरीराबद्दल पूर्वी दुसऱ्यांनीच ठरवलं, त्याने समुपदेशकासोबत बसून हा कागद जरूर तयार करावा.

बेशुद्ध पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त, उभं राहता न येणं किंवा मरणाची भाषा, यातलं काहीही असेल तर थेट रुग्णालय गाठा. बाकी वेळी सरकारी टेली-मानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. फोनवर सगळी कहाणी सांगायची गरज नाही. 'मला खाण्याचा त्रास आहे, जवळ कोणाला दाखवू?' एवढं विचारलं तरी सुरुवात होते.